मास्तरांच्या वहीतलं नवं गिऱ्हाईक

ही हकीकत मास्तरीणबाईंनी मला कोणाला सांगणार नाही या अटीवर सांगितली. मी ती अट पाळली. चांगली दोन दिवस पाळली. पुढे मास्तर स्वतःच आल्यागेल्याला सांगू लागले, तेव्हा माझ्या मौनाला काही किंमत उरली नाही. म्हणून आता नीट, सुरुवातीपासून सांगतो. लोक अशा गोष्टींत फार तिखटमीठ घालतात. मी घालतो ते बेताचं असतं.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. गल्लीच्या तोंडाशी, चष्मेवाल्याला लागून त्यांचं दुकान. आत गेलं की उजव्या हाताला कापायचं टेबल, त्याच्यामागे मास्तर उभे. डाव्या हाताला मशीन, त्याच्यामागे मास्तरीणबाई बसलेल्या. मागच्या भिंतीशी दोन पायांवर उभा असलेला माणूसभर उंचीचा आरसा. आणि दाराशी एक बाक, ज्यावर गेली वीस वर्षं माझा कब्जा आहे. कापायचं मास्तरांनी, शिवायचं बाईंनी आणि कोणाचं लग्न कुठे अडलंय ते सांगायचं मी, अशी कामाची वाटणी होती.

मास्तरांचं खरं वैभव म्हणजे मापांची वही. तिच्यात गिऱ्हाइकाचं नाव नाही, नुसता नंबर, आणि मापांपुढे खुणा. एक खांदा उतरलेला असेल तर खाली वळलेला बाण. पाठीला पोक असेल तर विळा. पोट सुटलेलं असेल तर अर्धा चंद्र, हाताबाहेर गेलेलं असेल तर पौर्णिमा. या खुणा फक्त नवराबायकोला कळायच्या. तोंडाने कोणाला कधी काही बोलायचं नाही, हा दुकानाचा कायदा होता. "दोष गिऱ्हाइकाला सांगायचा नसतो, कापडाला सांगायचा असतो," असं मास्तर म्हणायचे. म्हणून त्यांचा कोट अंगावर चढला की वाकडा माणूस सरळ दिसे, आणि त्याला वाटे, आपण मुळातच सरळ आहोत. गावातल्या निम्म्या लोकांचा ताठा मास्तरांच्या अस्तरावर उभा होता.

आता दुखणं कसं आलं ते ऐका. ते वहीतून आलं.

बाईंना वहीतले आकडे दिसेनासे झाले. त्या शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेल्या, नंबर वाढवून आल्या. चार महिन्यांनी पुन्हा दिसेना, पुन्हा गेल्या. चष्मेवाला भला माणूस, त्यालाच लाज वाटली. तो म्हणाला, बाई, तुमचे डोळे मागच्या वेळेसारखेच आहेत, एकदा ती वही आणून दाखवा. वही पाहिली तर पहिल्या पानावरचे आकडे वाटाण्याएवढे, मधल्या पानांवरचे मोहरीएवढे आणि शेवटच्या पानावर मुंग्या गेल्यासारखे. बारीक झाला होता तो मास्तरांचा हात. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, मी कायम एवढंच लिहितो.

आवाजाचंही तेच. मास्तर इतकं हळू बोलू लागले, की मी बाकावरून "काय?" म्हणून विचारायचो आणि ते मला बहिरा ठरवायचे. महिनाभरात त्यांनी सगळी गल्ली बहिरी ठरवली.

पण खरी मजा आरशाने केली. मास्तर डावीकडे कलायला लागले होते. म्हणजे टेबलाशी उभे राहिले, की भिंतीवरचं घड्याळ सरळ, खिळ्याला अडकवलेला कोट सरळ आणि मधले मास्तर तेवढे वाऱ्यावरच्या झाडासारखे. त्यांना त्याची गंधवार्ता नाही. एके दिवशी आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, आरसा वाकडा झालाय. लगेच त्याच्या उजव्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सारला. चौकट मास्तरांइतकीच कलली, तेव्हा त्यांचं समाधान झालं. त्यानंतर जो कोणी कोट घालून बघायला उभा राही, तो त्या चौकटीत वाकडा दिसे आणि आपोआप डावीकडे झुके. आमच्या पोस्टमास्तरांनी तर घरी जाऊन बायकोला विचारलं, मी लहानपणापासून असाच आहे का.

अखेर बाई मास्तरांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकीसारख्या, पण नजर मास्तरांच्या तोडीची. त्यांनी मास्तरांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली आणि सांगितलं, पार्किन्सन आहे. याच्यात हात थरथरणं सगळ्यांना ठाऊक असतं. पण आपलं अंग कुठे आहे, कसं आहे, याची मेंदूला जाणारी वर्दीही कधीकधी धड पोचत नाही. म्हणून माणूस कलतो आणि त्याला वाटतं, मी सरळ. आवाज उतरतो आणि त्याला वाटतं, मी ओरडतोय. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, कात्री चालेल ना?

गोळ्या सुरू झाल्या. एकीने थोडं बरं वाटलं. पुढे दुसरी जोडली, तिचा डोस वाढवला, आणि काय सांगू, हात परत आला. जाड कोटाच्या कापडातून कात्री पुन्हा लोण्यातून सुरी जावी तशी जाऊ लागली. मास्तर खुशीत, बाई खुशीत, आणि मी बाकावर बसून फुकटच खुशीत.

तीनेक महिने असे गेले, आणि मास्तर उसवायला लागले.

पहिली गेली घरातली उशीची खोळ. शिवण वाकडी आहे म्हणाले, ब्लेड घेतलं आणि उसवली. बाईंना वाटलं, बरोबर आहे, कारागीर माणूस आहे. मग उरलेल्या खोळी गेल्या. मग पडदे. मग खुर्च्यांची गवसणी, बाजाराची पिशवी, बाईंची पर्स. एकदा त्यांनी छत्रीचं कापड काड्यांपासून सोडवलं आणि आठ तुकडे ओळीने मांडून ठेवले. परत शिवणार होते म्हणे, पण शिवायची वेळ येईपर्यंत दुसरी शिवण डोळ्यांत भरायची. अडवलं तर चिडायचे. हा मनुष्य वीस वर्षांत कोणावर चिडलेला मी पाहिला नव्हता. शिवलेला कपडा धुऊन आटवून आणणाऱ्या गिऱ्हाइकावरसुद्धा नाही.

उसवायला बसले, की पाच-पाच तास उठायचे नाहीत. भूक लागली ते कळायचं नाही, तहान कळायची नाही, पायाला मुंग्या आल्याचं उठताना पडायची वेळ आली की कळायचं. एकदा पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर रक्ताचे थेंब दिसले. मास्तर काळजीने मला म्हणाले, "बघा हो, कोणाला तरी लागलंय." लागलं होतं त्यांच्याच अंगठ्याला, ब्लेड चांगलं आत गेलं होतं.

डॉक्टरीणबाई बेसावध होत्या असं नाही. त्यांनी दर खेपेला विचारलं होतं. या गोळीने काही लोकांना एखाद्या गोष्टीचा अनावर नाद लागतो म्हणाल्या. जुगार? मास्तर म्हणाले, नाही. भरमसाट खरेदी? नाही. सारखं खाणं? नाही. सगळी उत्तरं शंभर नंबरी खरी. उसवण्याचं त्यांनी विचारलं नाही, मास्तरांनी सांगितलं नाही. पुढच्या खेपेला, काही नवीन सवय लागली का, असंही विचारलं. तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले आणि बाई मास्तरांकडे बघत राहिल्या.

कारण त्या सकाळीच मास्तरांनी बाईंकडून वचन घेतलं होतं. सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगतो.

"तू सांगशील, त्या गोळी बंद करतील. गोळी गेली की हात गेला, हात गेला की कात्री गेली. मग त्या टेबलामागे मी काय म्हणून उभा राहू, सांग. डॉक्टरांपुढे अवाक्षर काढायचं नाही. शपथ आहे तुला."

बाईंनी शपथ घेतली, आणि मग माझ्याजवळ येऊन रडगाणं गायल्या. म्हणजे रडल्या नाहीत, त्यांचं रडगाणंसुद्धा हसवणारं असतं. म्हणाल्या, "घरात शिवलेलं म्हणून काही उरलं नाही हो. माझे ओठ तेवढे शिवलेले आहेत, तेही यांनीच शिवले म्हणून."

अशात वकीलसाहेबांचा कोट आला. एक बटण लावायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट न्यायला आले, तर टेबलावर कोटाचा नकाशा पसरलेला. बाह्या, गळपट्ट्या, खिसे, अस्तर, कॅनव्हास, सगळं सुटं, आणि प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घातलेला. एकतीस तुकडे होते, मी मोजले. मास्तर अभिमानाने म्हणाले, आता याची शिवण पाहा कशी करतो. वकिलांना तासाभरात कोर्टात उभं राहायचं होतं. बाईंनी हुशारी केली. तयार होऊन लटकत असलेला एका ठेकेदाराचा काळा कोट त्यांच्या अंगावर चढवला. त्यात दोन वकील मावले असते. योगायोग असा, की त्या दिवशी ते खटला जिंकले. तेव्हापासून कोट ढगळच शिवा म्हणतात. पण तो दुसरा विषय.

वकिलांचं हसण्यावारी गेलं. पण त्याच आठवड्यात मास्तरांनी स्वतःचा कोट उसवला. आणि पुढच्या सोमवारी तर डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. कोटाशिवाय मास्तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही जात नाहीत. तुकडे हरवले होते, काही कातरले गेले होते, नवाच शिवायला हवा होता. बाई म्हणाल्या, मी घेते माप. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं माप पहिल्यांदा घेतलं. मास्तर नेहमी जुन्या कागदावरून स्वतःचा कोट बेतायचे. तो कागद मास्तर सरळ होते तेव्हाचा.

टेप खांद्यावर ठेवल्याबरोबर बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शपथ होती ती डॉक्टरांना सांगायचं नाही अशी. वहीत लिहायचं नाही, असं कोण म्हणालं होतं?

दुकानाची रीत अशी, की मास्तरांनी वही वाचल्याशिवाय कोणाच्याही कापडाला कात्री लागायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. म्हणाल्या, काल एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, जरा बघता का. मी बाकावर होतो. वर्तमानपत्रात डोकं घालून होतो, पण कान कोणाचे कधी कागदात असतात?

मास्तरांनी वाचायला घेतलं. डाव्या खांद्याला खाली वळलेला बाण, अडीच बोटं. पाठीला विळा. डावा हात कोपरात दुमडलेला, चालताना हलत नाही. मास्तर हळहळले. म्हणाले, माणूस बराच गेलाय की. डाव्या खांद्यात कापसाची गादी घाला, उजव्या बगलेत कापड सोडा, पाठ लांब कापा. पुढे बाईंनी मापं सोडून चार ओळी लिहिल्या होत्या. सुई टोचलेली कळत नाही. जेवायची आठवण करून द्यावी लागते. आणि शेवटी एक खूण, जी अडतीस वर्षांत वहीत कधी आली नव्हती: लहानसं ब्लेड.

"हे काय?"

"उसवतो," बाई म्हणाल्या. "हाताला लागेल ते. थांबता येत नाही त्याला."

"डॉक्टरला सांगितलं का त्याने?"

"नाही. कात्री जाईल म्हणून घाबरतो."

मशीन बंद होतं. मास्तरांनी वही मिटली आणि टेबलाला धरून, छोटी छोटी पावलं टाकत आरशाशी गेले. बाईंनी पुठ्ठा सकाळीच काढून टाकला होता. आणि आरशाच्या वरच्या खिळ्याला टेप अडकवून, त्याच्या खालच्या टोकाला मास्तरांचीच मोठी कात्री बांधून ठेवली होती. टेप ओळंब्यासारखा लोंबत होता.

"आरसा वाकडा आहे," मास्तर म्हणाले. सवयीनेच म्हणाले. मग त्यांनी टेपकडे पाहिलं. चौकटीची कड आणि टेप शेजारी शेजारी, मधलं अंतर वरून खालपर्यंत सारखं. आयुष्यभर ज्या टेपवर भरवसा ठेवला, तो या वेळी आरशाच्या बाजूने साक्ष देत होता. त्यांनी डावा खांदा वर उचलून पाहिला. अंग टेपला समांतर येईपर्यंत उचलला. तिथे आल्यावर म्हणाले, "आता मला मी उजवीकडे पडतोय असं वाटतंय."

"वाटू द्या," बाई म्हणाल्या. "पडत नाही आहात."

"कधीपासून आहे हे?"

"मी चष्मेवाल्याकडे दोन खेपा घातल्या तेव्हापासून."

मास्तर हसले. खूप दिवसांनी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. मी उठून बाहेर गेलो. इतका काही मी कोडगा नाही. काचेतून मात्र पाहिलं.

कोट बाईंनी कापला आणि बाईंनीच शिवला. आणि इथे बाईंच्या कसबाने घोटाळा केला. तो कोट इतका बेमालूम झाला, की मास्तर त्यात खांबासारखे सरळ दिसू लागले. सोमवारी दवाखान्यात शिरले, तर डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. म्हणाल्या, वा, मास्तर, तुम्ही तर सरळ झालात, गोळी चांगली लागू पडलेली दिसते, आहे तशीच चालू ठेवू या.

बाई म्हणतात, तेवढं एक मिनिट त्यांना अडतीस वर्षांपेक्षा लांब वाटलं. मास्तरांना फक्त गप्प बसायचं होतं. गोळी तीच, हात तोच, कात्री तीच. बाईंच्या तोंडाला शपथेचं कुलूप. मास्तरांनी गळ्याशी हात नेला. बाईंना वाटलं, कॉलर नीट करतायत. त्यांनी बटणं सोडली. एकेक, हळूहळू, फार वेळ लागला म्हणे, आणि कोणी मदत केलेली त्यांनी चालवून घेतली नाही. कोट काढून टेबलावर ठेवला आणि शर्टात उभे राहिले, डावीकडे कललेले.

"हा सरळपणा हिच्या हातचा आहे," म्हणाले. "माझा हा असा आहे. आणि तुम्ही मला जुगाराचं विचारलंत. मी उसवतो."

मग सगळं सांगितलं. खोळी, पडदे, छत्री, वकील, अंगठा. छत्रीपाशी डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, पण लिहून सगळं घेतलं. त्यांनी सांगितलं, ही तुमच्या स्वभावाची खोट नाही आणि म्हातारचळही नाही. या गोळीने काहींच्या बाबतीत असं होतं. जुगारवाले पैसे घालवतात म्हणून लवकर पकडले जातात, उसवणारे सापडत नाहीत. गोळी एकदम बंद करायची नाही, स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. हळूहळू कमी करू, पहिलीचं प्रमाण बघू. आणि आरशासमोर रोज व्यायाम. मास्तरांनी विचारलं, टेप लावून केला तर चालेल का? त्या म्हणाल्या, उत्तमच.

मास्तरांनी मग पहिल्याच दिवशी विचारलेलं पुन्हा विचारलं. कात्री चालेल ना? डॉक्टरीणबाई खरं बोलणाऱ्या बाई. म्हणाल्या, पूर्वीसारखी नाही चालणार. पण चालेल.

तशीच चालते आहे. मधले दोन महिने वाईट गेले. हात जड झाला, मास्तर चिडचिडले, बाईंनी घरातली सगळी ब्लेडं माझ्याकडे आणून ठेवली आणि मी ती जोखीम म्हणून सांभाळली. मग एके दिवशी लक्षात आलं, की बाजाराची नवी पिशवी चार आठवडे शाबूत आहे. आता कोट बाई कापतात. पँट आणि शर्ट मास्तर कापतात, सकाळच्या गोळीनंतरच्या दोन तासांत. कधी मध्येच हात अडतो, कात्री कापडात तशीच उघडी राहते. मग बाई मशीनवरून मान वर न करता "एक, दोन, एक, दोन" म्हणतात, आणि कात्री त्या ठेक्यावर पुन्हा चालू लागते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई टाके मोजतायत. रोज सकाळी मास्तर टेपसमोर दहा मिनिटं उभे राहतात, पडतोय असं वाटेपर्यंत सरळ.

एक गोष्ट मात्र बदलली, आणि तिचा फटका मला बसला. दुकानाचा जुना कायदा मास्तरांनी मोडला. म्हणतात, मला कोणी वेळेत सांगितलं असतं तर चष्मेवाल्याच्या दोन खेपा वाचल्या असत्या. आता ते कापडालाही सांगतात आणि गिऱ्हाइकालाही. ठेकेदाराला त्यांनी तोंडावर सांगितलं, तुमचा उजवा खांदा उतरतोय, एकदा दाखवून घ्या. ठेकेदार रागावून गेला, आणि आठ दिवसांनी नेहमी उजव्या हातात असायची ती जड बॅग डाव्या हातात घेऊन परत आला.

परवा मी पँटचं माप द्यायला उभा राहिलो. मास्तर टेप कमरेभोवती घेऊन थांबले. वही टेबलावर उघडी होती, माझा नंबर वर होता. मी वाकून पाहिलं. नंबरापुढे अर्धा चंद्र, आणि शेजारी वाटाण्याएवढ्या जुन्या अक्षरात, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या, लिहिलं होतं: माप घेताना पोट आत ओढतो. तीन बोटं वाढवून धरणे.

वीस वर्षं मला वाटत होतं, माझी कंबर आहे तशी आहे.

"सोडा श्वास," मास्तर म्हणाले.

मी बाईंकडे पाहिलं. त्या मशीनमध्ये दोरा ओवत होत्या, पण खांदे हलत होते. मी श्वास सोडला. मास्तरांनी टेप सैल करत करत आकडा वाचला, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात, मग पेन घेतलं आणि वेळ घेऊन, नीट दिसेल असा, अर्ध्या चंद्राची पौर्णिमा केली.